तुमचा आलेख वर्गात पोहोचतो तेव्हा : पुराहवामानशास्त्रज्ञांना खुले पत्र

प्रति,
बर्फ, गाळ, प्रवाळ, लवणस्तंभ आणि झाडांची खोडे वाचून पृथ्वीचे जुने हवामान शोधणाऱ्या सर्व संशोधकांना,

सप्रेम नमस्कार.

"हवामान काय, पूर्वीपासून बदलतच आलंय." हे वाक्य मला दरवर्षी ऐकावे लागते. कधी शेवटच्या बाकावरून, कधी पालकसभेत, कधी शिक्षकांच्या खोलीत. म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर विषय संपवल्याचे समाधान असते. गंमत अशी, की हे वाक्य मुळात तुमचे आहे. हिमयुगे येऊन गेली, सहारात एके काळी गवत आणि तळी होती, ग्रीनलंडचे तापमान काही दशकांत झपाट्याने चढले होते, यातले काहीही माणसाच्या आठवणीत नव्हते. ते तुम्ही खणून काढलेत. हाडे गोठवणाऱ्या थंडीत राहून कमावलेले हे ज्ञान आता तुमच्याच निष्कर्षांविरुद्ध वापरले जाते, आणि ते वापरले जाते तेव्हा समोर तुम्ही नसता. मी असते.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि वेळ मिळेल तसे विज्ञानावर लिहिते. संशोधक नाही. तुमची व्याख्याने ऐकते, तुमच्या संस्थांनी शिक्षकांसाठी ठेवलेले साहित्य उतरवून घेते, त्यातले जमेल तेवढे वर्गात नेते. या सगळ्या वापरातून एक तक्रार साचली आहे. काय सापडले ते तुम्ही आम्हाला उत्तम सांगता, पण ते कसे कळले हे फार थोडे जण सांगतात. तासाभराच्या व्याख्यानात पद्धतीच्या वाट्याला दोन चित्रे येतात आणि लगेच तो चढता आलेख येतो, मग इशारा, मग प्रश्नोत्तरे. रहस्यकथेचे शेवटचे पान फाडून हातात द्यावे तसे वाटते. खुनी कोण ते कळते, पण पटत नाही.

आणि पटणे इथे महत्त्वाचे आहे. निष्कर्ष नुसता हातात पडला की ऐकणाऱ्यापुढे एकच निवड उरते, विश्वास ठेवायचा की नाही. त्या खेळात तुमच्यासमोर उभे राहणारे लोक तुमच्यापेक्षा चांगले वक्ते आहेत, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

उदाहरण तुमच्याच घरातले घेते. १९५२ च्या जूनमध्ये कोपनहेगनला मोठा पाऊस आला, तेव्हा विली डान्सगार्ड या संशोधकाने घराच्या हिरवळीवर बिअरची रिकामी बाटली ठेवली, तिच्या तोंडात नरसाळे बसवले आणि बाटल्या बदलत पावसाचे पाणी गोळा केले. प्रश्न साधा होता : एकाच पावसातले सगळे पाणी सारखेच असते का? पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन बहुतेक वेळा १६ वस्तुमानांकाचा असतो, क्वचित १८ चा. जड ऑक्सिजन असलेले रेणू वाफेतून थेंबात आधी उतरतात. म्हणजे हवा जसजशी थंड होत पाणी गाळत जाते, तसतसे तिच्यात उरलेल्या वाफेत जड रेणू कमी होत जातात. डान्सगार्ड यांना बाटल्यांमधल्या पाण्यात हा फरक दिसला आणि तो ढगाच्या तापमानाशी जुळणारा निघाला. पुढची उडी त्यांची खरी बुद्धिमत्ता. पाऊस जर ढगाचे तापमान लिहून ठेवत असेल, तर ग्रीनलंडच्या बर्फात हजारो वर्षांच्या हिमवर्षावाने तेच लिहून ठेवले असणार. हा विचार त्यांनी १९५४ मध्ये मांडला. तेव्हा एवढ्या खोलीचा बर्फ कुणी बाहेर काढलेलाच नव्हता. १९६६ मध्ये ग्रीनलंडमधल्या कॅम्प सेंच्युरी या अमेरिकी लष्करी तळावर सुमारे १,३९० मीटर खोल, थेट खालच्या जमिनीपर्यंत गेलेला बर्फाचा गाभा, म्हणजे खोदून काढलेला लांब दंडगोल, निघाला. डान्सगार्ड यांनी त्याचे नमुने मागितले, ते त्यांना मिळाले, आणि सुमारे एक लाख वर्षांच्या तापमानाची रेघ कागदावर उमटली.

ही गोष्ट एका तासिकेत सांगून होते. विशेष म्हणजे ती संपताच मुले स्वतःहून तुमचे प्रश्न विचारू लागतात. बाई, पण बर्फाचे वय कसे मोजले? खालचा बर्फ वरच्या वजनाने सरकत नसेल का? तिथे पाऊस दुसऱ्याच समुद्रावरून आला असेल तर? हे शेवटचे तर तुमच्या परिसंवादात विचारण्याजोगे आहे, आणि ते विचारणाऱ्या मुलीला आपण काही विशेष विचारले याचा पत्ताही नव्हता. त्या वर्गात मी "हवामान पूर्वीपासून बदलतच आलंय" याला उत्तर दिले नव्हते. पण ते वाक्य त्यानंतर त्या वर्गातून आले नाही.

आता जिथे तुमचे न सांगणे सगळ्यात महाग पडते त्या जागेकडे येते. अंटार्क्टिकातल्या व्होस्तोक इथल्या गाभ्याने १९९९ मध्ये ४ लाख २० हजार वर्षांचा इतिहास दिला. पुढे डोम सी इथल्या गाभ्याने तो ८ लाख वर्षांपर्यंत नेला. जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय पथकाने त्याच परिसरात २,८०० मीटर खोल जाऊन १२ लाख वर्षांहून जुना बर्फ वर आणल्याचे जाहीर केले. या गाभ्यांतला कार्बन डायऑक्साइड आणि तापमानाचा जोड-आलेख आता प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. दोन्ही रेघा हातात हात घालून वरखाली होतात. वायूचे प्रमाण ८ लाख वर्षांत दशलक्षात साधारण १८० ते ३०० भागांच्या दरम्यान राहिले आणि आज ते ४२० च्या वर गेले आहे. चित्र बोलके आहे. पण कुणीतरी हुशार विद्यार्थी त्याकडे टक लावून बघतो आणि म्हणतो, "आधी तापमान वाढलंय आणि मग वायू. म्हणजे कारण उलटं आहे."

तो चुकीचे बघत नसतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सुमारे २ लाख ४० हजार वर्षांपूर्वीच्या एका हिमयुगाच्या अखेरीस अंटार्क्टिकात वायू तापमानाच्या सुमारे ८०० वर्षे मागे असल्याचे दिसले होते. तुमच्या प्रसारसाहित्यात याचे उत्तर सहसा तीन ओळींत उरकलेले असते : पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि अक्षाच्या कलातल्या बदलांनी सुरुवात केली, तापणाऱ्या समुद्राने वायू सोडला, वायूने तापमान आणखी वाढवले. उत्तर बरोबरच आहे. पण खरी मजा तुम्ही गाळून टाकता.

मजा अशी, की बुडबुड्यातली हवा आणि तिच्याभोवतीचा बर्फ यांचे वय एक नसते. पडलेले हिम लगेच बर्फ होत नाही. वरचे कित्येक मीटर, अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात तर सुमारे शंभर मीटर, ते सच्छिद्र राहते आणि त्यातून वरची हवा आत-बाहेर खेळत असते. पुरेसे दडपले गेल्यावर छिद्रे बंद होतात आणि त्या क्षणीची हवा अडकते. जिथे हिम फारच कमी पडते, तिथे या प्रवासाला हजारो वर्षे लागतात. म्हणजे व्होस्तोकसारख्या जागी तापमान सांगणारा बर्फ जुना आणि वायू सांगणारा बुडबुडा त्याच्यापेक्षा हजारो वर्षांनी तरुण. मग आधी कोण आणि मागून कोण, हे ठरवायला या दोन वयांतला फरक अचूक काढावा लागतो. त्यात शेकडो वर्षांची चूक राहिली तर निकालच फिरतो. २०१३ मध्ये एका पथकाने बुडबुड्यांतल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड रूपांवरून, हा फरक नव्याने काढला. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस अंटार्क्टिकातले तापमान आणि वायू जवळजवळ बरोबरीने वाढले असे त्यांना आढळले. त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या एका गटाने जगभरातल्या ८० नोंदी एकत्र केल्या, तेव्हा एकूण जगाचे तापमान वायूच्या मागून चढलेले दिसले. अंटार्क्टिका म्हणजे जग नव्हे, ही गोष्ट पहिल्या आलेखात लपलेली होती.

या साऱ्यात विद्यार्थ्याची शंका मूर्खपणाची ठरत नाही. उलट तीच शंका तुम्हालाही आली होती आणि तिच्यामागे तुम्ही दहा वर्षे धावलात, हे त्याला कळते. शंका घेणाऱ्याला आपल्यात ओढून घेण्याची यापेक्षा चांगली सोय मला तरी माहीत नाही. तीन ओळींच्या उत्तराने तो फक्त गप्प बसतो.

"पूर्वीही बदललं होतं" याला उत्तरही इथेच आहे. पूर्वी बदलले ते आपोआप बदलले नाही. प्रत्येक वेळी काहीतरी त्याला ढकलत होते आणि बहुतेक वेळा ते काय होते हे तुम्हाला सांगता येते. १९७६ मध्ये हेझ, इम्ब्री आणि शॅकलटन यांनी दक्षिण हिंदी महासागराच्या तळातल्या गाळात सूक्ष्म जीवांची कवचे तपासून दाखवून दिले, की हिमयुगांचा ताल पृथ्वीच्या कक्षेच्या आणि अक्षाच्या तालाशी जुळतो. सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी, शेवटचे हिमयुग भरात असताना, जग औद्योगिकपूर्व काळापेक्षा ५ ते ७ अंशांनी थंड होते आणि समुद्र १२० मीटरहून अधिक खाली होता. पाच-सात अंश, बस. वर्गात मी हा आकडा फळ्यावर लिहिते तेव्हा मुलांना ती लिहिण्यातली चूक वाटते. ढकलणाऱ्याचे बळ माहीत आणि जग किती हलले तेही माहीत, म्हणून वायू दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल याचा अंदाज बांधायला तुमचे जुने जग उपयोगी पडते. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालाने हा अंदाज अडीच ते चार अंश असा पूर्वीपेक्षा आवळून दिला, त्यात तुमच्या पुराव्याचा मोठा वाटा होता. हे तुम्ही व्याख्यानात का सांगत नाही? भविष्याची प्रतिमाने भूतकाळावर घासून बघितली जातात हे बाहेरच्या बहुतेकांना माहीतच नाही. त्यांना वाटते, ती संगणकाने मनाने काढली.

आता थोडे कडू बोलते. तुमच्या आलेखांचे काही अंतर्गत शिष्टाचार आहेत आणि ते बाहेर पडले की धोकादायक होतात. ग्रीनलंडच्या मध्यभागी १९९३ मध्ये पूर्ण झालेल्या जीआयएसपी-२ या तीन किलोमीटरहून खोल गाभ्यातल्या तापमानाचा एक आलेख वर्षानुवर्षे फिरतो आहे. दहा हजार वर्षांची वरखाली रेघ, उजव्या टोकाला "आज", आणि आज फारसे गरम दिसत नाही. या आलेखात खोटा आकडा एकही नाही. फक्त तुमच्यात "वर्तमान" म्हणजे १९५० हे साल धरण्याची पद्धत आहे आणि या नोंदीतला सगळ्यात अलीकडचा बिंदू त्या वर्तमानाच्याही ९५ वर्षे आधीचा, म्हणजे १८५५ चा आहे. त्यानंतरची सगळी तापमानवाढ आलेखात नाहीच. शिवाय ती एका जागेची नोंद. ज्यांची ही आकडेवारी, त्या रिचर्ड ॲली यांनी तिचा असा वापर शास्त्रीयदृष्ट्या निरर्थक असल्याचे स्वच्छ शब्दांत सांगितले. तरी आलेख फिरायचा थांबला नाही. तो आमच्या शिक्षकांच्या गटातही येऊन गेला.

१९५० हे साल का, याला कारण आहे. कार्बन-१४ ने काढलेली वये मोजायला कुठेतरी खुंटी ठोकावी लागते, आणि त्यानंतरच्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन बिघडवला. मान्य. पण तुमच्यातलेच काही जण २००० पासून मागे मोजतात. काहींचा काळ डावीकडून उजवीकडे जातो, काहींचा उजवीकडून डावीकडे. लहानपणापासून डावीकडून वाचायची सवय लागलेल्या मुलाला मग तापत गेलेले जग थंड होत गेलेले दिसते. संशोधनपत्रिकेत तुम्ही काय वाटेल ते करा. बाहेर देताना आलेखावर तीन गोष्टी चित्रातच लिहा, खालच्या बारीक मजकुरात नको : काळ कुठल्या दिशेने जातो, शेवटचा बिंदू कुठल्या सालचा, आणि ही नोंद एका जागेची की जगाची. मजकूर कापला जातो, चित्र तेवढे पुढे जाते.

२००९ च्या नोव्हेंबरचीही आठवण काढते, ती तुम्हाला आवडणार नाही. एका ब्रिटिश विद्यापीठातून चोरलेले संशोधकांचे ईमेल जगभर पसरले आणि त्यातल्या "घट लपवणे" अशा अर्थाच्या एका वाक्यावरून गदारोळ झाला. अनेक चौकशा झाल्या, कुणी आकडे बनवले असे कुठल्याही चौकशीत आढळले नाही. माझा मुद्दा वेगळाच आहे. त्या वाक्यामागची अडचण खरी होती. उत्तरेकडच्या काही जंगलांतल्या झाडांच्या वलयांची घनता साधारण १९६० पर्यंत तापमानाबरोबर चालते आणि पुढे त्याची साथ सोडते. ही गोष्ट तुम्ही दडवलीही नव्हती. १९९८ पासून ती तुमच्या शोधनिबंधांत उघड छापलेली होती. पण निबंधात उघड असणे म्हणजे लोकांना सांगणे नव्हे. लोकांनी ती पहिल्यांदा ऐकली ती तुमच्या विरोधकाच्या तोंडून, आणि मग ती कबुलीजबाब झाली. वर्षभर आधी एखाद्या व्याख्यानात कुणी सहज म्हणाले असते, "ही झाडे अलीकडे नीट बोलत नाहीत, का ते शोधतोय, तोवर त्यांच्यावर किती विसंबायचे याचा वाद चालू आहे," तर तीच माहिती कोडे म्हणून पोहोचली असती. अनिश्चितता सांगितली की लोकांचा विश्वास उडतो, असे तुमच्यातले काही मानतात. माझा वर्गातला अनुभव उलटा आहे. ती दुसऱ्याकडून कळली की उडतो.

चांगली कामे मी पाहत नाही असे समजू नका. जपानमधल्या फुकुई प्रांतात सुइगेत्सु नावाचे तळे आहे. त्यात मोठी नदी थेट येऊन मिळत नाही, तळाशी ऑक्सिजन नसल्याने गाळ ढवळणारे जीव नाहीत, आणि तळ हळूहळू खचत असल्याने तळे भरूनही जात नाही. त्यामुळे वर्षाला एक अशी गाळाची पातळ जोडपट्टी हजारो वर्षे बिनतक्रार साचत राहिली. २०१८ मध्ये तिथे या पट्ट्यांसाठी वेगळे संग्रहालय उघडले. ४५ मीटर लांबीचा, ७० हजार वर्षांचा गाळ कागदासारखा पातळ कापून, मागून प्रकाश सोडून भिंतीवर मांडला आहे. बघणारा माणूस काळाच्या कडेने चालत जातो, मध्येच ज्वालामुखीच्या राखेचा पट्टा दिसतो, आणि हवे तर तो वर्षे बोटाने मोजू शकतो. कार्बन-१४ ची वये खऱ्या सालांत बदलणाऱ्या आंतरराष्ट्रीय मापनवक्राला आधार देणाऱ्या पुराव्यांपैकी हा एक. मला हा प्रसाराचा सगळ्यात प्रामाणिक नमुना वाटतो, कारण त्यात पुरावाच पुढे मांडलेला आहे.

दुसरे उदाहरण जास्त गुंतागुंतीचे आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जीवाश्मांचे नवे दालन उभे राहत असताना, २०१८ च्या सुमारास, तिथल्या संशोधकांना प्रेक्षकांसाठी प्राचीन तापमानाची एक भरवशाची रेघ हवी होती. तशी रेघ कुणाकडे नव्हती. तिच्या शोधातून मोठा प्रकल्प उभा राहिला आणि २०२४ मध्ये ४८.५ कोटी वर्षांच्या जागतिक तापमानाचा आलेख प्रसिद्ध झाला. दीड लाखाहून जास्त नोंदी, आणि ११ ते ३६ अंशांच्या दरम्यान हेलकावणारे जग. प्रसार हे संशोधन संपल्यावरचे काम आहे असे म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण सांगते. इथे प्रेक्षकाच्या गरजेतून संशोधन निघाले. पण त्या आलेखाचे पुढे काय झाले तेही बघा. त्यात आजचा काळ सगळ्यात थंड कालखंडांपैकी एक दिसतो, आणि तो दिसतोच, कारण आपली सगळी प्रजाती थंड जगात घडली. समाजमाध्यमांवर तो लगेच "बघा, उगाच घाबरवतात" म्हणून फिरला. कोट्यवधी वर्षांच्या अक्षावर गेली दीडशे वर्षे केसाएवढीही जाडी घेत नाहीत, हे सांगणारा कुणी चित्रासोबत प्रवास करत नाही. तुम्ही आलेख सोडता तेव्हा त्याचा सगळ्यात वाईट वाचक कोण असेल याचा विचार करून सोडा. त्याला काय दिसेल ते आधी तुम्हीच लिहा.

शिक्षकांना प्रयोगशाळेत आणि मोहिमेवर नेण्याचे जे उपक्रम झाले, त्यांच्याविषयी मला निव्वळ कृतज्ञता आहे. समुद्रतळ खोदणाऱ्या जॉइडिस रिझोल्यूशन जहाजावर शिक्षक असत, ते तिथून शाळांशी थेट बोलत आणि नुकताच वर आलेला गाळाचा गाभा मुलांना कॅमेऱ्यासमोर दाखवत. २०२४ मध्ये त्या जहाजाचे काम थांबले. संशोधनाचे किती नुकसान झाले यावर बरेच लिहिले गेले. वर्गांचे किती झाले यावर मी काही वाचले नाही. ध्रुवीय मोहिमांवर शिक्षक पाठवणारा पोलरट्रेक हा उपक्रमही तसाच मोलाचा. अशा मोहिमेवर जाऊन आलेला शिक्षक पुढची वीस वर्षे ती शिकवतो. तुमच्या तासाभराच्या भेटीला तो हिशेब लागू होत नाही.

आकडेवारीबद्दलही बोलायला हवे. अमेरिकेतल्या नोआ या हवामान-समुद्र संस्थेचा पुराहवामान संग्रह, जर्मनीतला पँजिया, झाडांच्या वलयांची आंतरराष्ट्रीय पेढी, सगळे फुकट आणि सगळ्यांना खुले. विज्ञानाच्या फार थोड्या शाखा इतक्या उदार आहेत. पण खुले दार आणि चढता येईल अशी पायरी या दोन वेगळ्या गोष्टी. फाइल उघडली की स्तंभांची नावे आद्याक्षरांत, वये तीन प्रकारची, आणि रिकाम्या जागी उणे ९९९. माझ्या एका विद्यार्थ्याने ते उणे ९९९ अंश तापमान समजून आलेख काढला होता. प्रत्येक नव्या नोंदीबरोबर शाळेसाठी एक छोटा तक्ता ठेवायला तुम्हाला अर्धा दिवस लागेल : साल, किंमत, जागा, आणि ही किंमत कशावरून आली याचे एक वाक्य. ते वाक्य इंग्रजीखेरीज आणखी एखाद्या भाषेत असेल तर फारच उत्तम. जगातली बहुसंख्य मुले दुसऱ्याच भाषांत शिकतात.

खरी पद्धत वर्गात आणता येत नाही ही सबब मला पटत नाही. ए. ई. डग्लस हे मुळात खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरच्या डागांचे चक्र झाडांत उमटते का हे बघायला ते वलयांकडे वळले. त्यांची पद्धत म्हणजे कागदाच्या पट्ट्या. जितके वलय अरुंद तितकी पट्टीवरची रेघ उंच. दोन झाडांच्या पट्ट्या एकमेकींवर सरकवायच्या, रेघा जुळल्या की काळ जुळला. १९२९ मध्ये ॲरिझोनात सापडलेल्या एका जळक्या तुळईने अशा दोन सुट्या कालमालिका जोडल्या आणि कितीतरी प्राचीन वस्त्यांची साले एकदम कळली. टुसॉनला त्यांनी काढलेली वलयांची प्रयोगशाळा अजून चालू आहे, तिथे स्वयंसेवक लोकांना खोडे दाखवतात. या पट्ट्या मी वर्गात करून घेते. मुले हमखास चुकीच्या जागी जुळवतात आणि तावातावाने आपलेच बरोबर म्हणतात. मग तिसरे झाड देते, चौथे देते, आणि एकेकाचा दावा कोसळतो. एका झाडावर विसंबू नये, हे मला तोंडाने सांगावे लागत नाही. असल्या गोष्टी तुमच्या सगळ्यांच्या कामात असणार. गुहेतल्या लवणस्तंभाचे वय काढताना, परागकण मोजताना, प्रवाळाच्या पट्ट्या वाचताना हाताने काय करता, ते आम्हाला द्या.

तुमच्यात हे काम कोण करते, हेही आम्हाला दिसते. बहुतेक वेळा शाळेत येतो तो नोकरीची शाश्वती नसलेला तरुण संशोधक, किंवा पीएचडी करणारी मुलगी, रविवार मोडून. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने १९९७ पासून निधीसाठी समाजावरचा परिणाम हा निकष ठेवला आहे, पण नेमणुकीच्या आणि बढतीच्या टेबलावर निबंधच मोजले जातात, असे तुमच्यातलेच सांगतात. निवड समित्यांवर बसणाऱ्या ज्येष्ठांनो, हे तुमच्या हातात आहे. चांगल्या शिक्षणसाहित्याला निबंधाइतके वजन द्या असे मी म्हणत नाही, पण शून्य तरी देऊ नका.

आणि बोलण्याबरोबर ऐकाही. आल्प्समधल्या हिमनद्या एके काळी खालच्या दऱ्यांत पसरल्या होत्या, हे झाँ-प्येर पेरोदँ या डोंगरात शिकार करून राहणाऱ्या माणसाने दगडांवरचे ओरखडे बघून ओळखले होते. १८१५ मध्ये त्याने ते शार्पांतिए या खाणतज्ज्ञाला सांगितले, आणि शार्पांतिएने ते मनावरही घेतले नाही. पुढे व्हेनेट्झ या अभियंत्याला ते पटले, त्याच्याकडून शार्पांतिएला, त्याच्याकडून आगासी या निसर्गशास्त्रज्ञाला, आणि १८३७ मध्ये आगासीने हिमयुगाची कल्पना विद्वानांच्या सभेत मांडली. तुमच्या शास्त्राच्या मुळाशी एक शिकारी आहे. ज्या डोंगरावर तुम्ही छिद्र पाडता आणि ज्या तळ्यातला गाळ नेता, तिथल्या माणसांना फक्त परवानगीपुरते भेटू नका.

भीतीविषयी थोडेच. सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जग पाच-सहा अंशांनी तापले आणि सावरायला एक-दोन लाख वर्षे गेली, ही घटना तुम्ही हल्ली वारंवार सांगता. सांगा, पण तेव्हा कार्बन हजारो वर्षांच्या ओघात हवेत आला आणि आपण तो त्यापेक्षा कितीतरी वेगाने सोडतो आहोत, हे बरोबर सांगा. नाहीतर मुले दोनच गोष्टी घेऊन जातात : तेव्हा जीवसृष्टी टिकली म्हणजे आताही टिकेल, किंवा सगळे संपलेच आहे. दोन्ही तुम्हाला म्हणायचे नसते. बाकी, उपाय काय हे तुमच्याकडून ऐकण्याचा माझा आग्रह नाही. तो दुसऱ्यांचा विषय आहे, आणि "ते मला माहीत नाही" असे तुम्ही वर्गासमोर म्हणालात तर मला बरेच वाटेल.

शेवटी मागणे. पुढच्या वेळी शाळेत याल तेव्हा पहिल्या भेटीतच दुसऱ्या भेटीची तारीख ठरवा. मधल्या काळात मुलांना तुमची थोडी आकडेवारी देऊन ठेवा आणि दुसऱ्यांदा याल तेव्हा त्यांनी काय काढले ते ऐका. प्रकल्पाच्या पानावर शिक्षकांनी कुणाला विचारायचे ते नाव घाला, आणि त्या माणसाला उत्तर द्यायला वेळही द्या. आणि जमले तर एक फसलेला गाभा पाठवा. तुटलेला, थर मिसळलेला, ज्यातून वय निघालेच नाही असा. फोटो चालेल. तो का टाकून दिला, कुणी टाकून दिला आणि त्यावर तुमच्यात काय वाद झाला, ते सोबत लिहा. उत्तम गाभ्यांची चित्रे आमच्याकडे पुष्कळ आहेत.

आपली,
एक विज्ञानशिक्षिका